गिझेलाचे फोटो आणि भीमराजचं टचिंग

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आमच्या रश्मीच्या मोबाइलवर जर्मनीहून मेसेज आला आणि आमच्या दोन खोल्यांत चौदा एप्रिल महिनाभर आधीच आला. रश्मी आमची लेक. अंधेरीला ऑफिसात जाते आणि रविवारी दहापर्यंत तोंडावरची चादर काढत नाही. ती पलंगावर उभी राहून ओरडली, "आई, गिझेला येतेय! मुलुंडला! प्रदर्शन करतेय, आपल्या विहारात!" मी पोह्यांवर कोथिंबीर टाकत होते, ती अर्धी ओट्यावर सांडली. सहा वर्षांनी येत होती बाई. आम्हाला तर वाटलं होतं, आता वय झालं, येणं काही होत नाही.

रश्मीनं मेसेज मोठ्यानं वाचला. गिझेलाला एकोणऐंशी पुरी होतात. डोळे अधू झालेत, म्हणून हे शेवटचं प्रदर्शन. ते बर्लिनला नको, कुलाब्यालाही नको, मुलुंडला बुद्धविहाराच्या हॉलमध्ये हवं. इथवर भीमराज हसत होता. भीमराज म्हणजे माझा नवरा. नवऱ्याला नावानं लिहिते म्हणून कुणी नाक मुरडू नये. महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंय मी, लिहिताना नाव लिहायची सवय आहे. समोर 'अहो'च म्हणते.

मग रश्मीनं शेवटचं वाक्य वाचलं. भिंतीवर गिझेलाचे मोठे फोटो लागतील, आणि ज्यांचे फोटो आहेत त्या सगळ्यांनी आपापल्या घरातला, भीमराजनं नेऊन दिलेला फोटो घेऊन यायचं. तो मोठ्या फोटोच्या शेजारी लावायचा. भीमराजच्या हातातला चमचा खणकन ताटलीत पडला.

"मेलो," तो म्हणाला. "शकु, मी मेलो!"

तो का मेला हे कळायला आधी गिझेला कोण ते कळलं पाहिजे. आणि ते सांगायला मी कधीचीच टपून बसले आहे.

गिझेलाचा जन्म हाम्बुर्गचा, लढाई नुकती संपलेली होती तेव्हाचा. पंधराव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. बाविसाव्या वर्षी एका जुनाट व्हॅनमध्ये बसून निघाली ती तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं करत सुटलीच. इथिओपियात मीठ वाहणाऱ्या उंटांच्या मागून अकरा दिवस चालली. पेरूच्या डोंगरात एका लग्नाला गेली आणि तिथेच चार महिने राहिली. उत्तरेच्या बर्फात रेनडिअर पाळणाऱ्यांच्या तंबूत तिच्या कॅमेऱ्याचं शटर गोठलं, तर तिनं कॅमेरा रात्रभर कुशीत घेतला. हे सगळं ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, भाकरीचा तुकडा हातात घेऊन सांगायची, आणि आम्ही तोंडात घास धरून ऐकायचो. नवरा केला नाही, घर बांधलं नाही. मासिकांसाठी फोटो काढायची, आलेल्या पैशात पुढच्या देशाला निघायची.

१९८८ साली कुठल्याशा मासिकानं तिला अंधेरीचे सिनेमाचे स्टुडिओ टिपायला पाठवलं. चार दिवसांत कंटाळली. "सगळे रंग लावून बसतात," म्हणाली. मग निघाली भटकायला. वर्सोव्याला मासळी वाळवणाऱ्या बायका, पार्ल्यात बिस्किटांच्या वासात सायकल मारणारे कामगार, दहिसरला नदीकाठी धुणं धुणाऱ्या बाया. मुलुंडला कारखान्यातल्या माणसांचे फोटो काढताना तिच्या फ्लॅशची वायर तुटली. कुणीतरी तिला 'प्रबुद्ध फोटो स्टुडिओ'ची पाटी दाखवली. आत माझा नवरा होता, एकोणतीस वर्षांचा. त्यानं डाग देऊन वायर जोडली आणि पैसे घेतले नाहीत. तिनं भिंतीवरचे त्याचे प्रिंट बघितले आणि म्हणाली, तुझी डार्करूम मला दाखव.

झालं! तेव्हापासून दर डिसेंबरात ती यायची आणि दोन महिने आमची डार्करूम तिची व्हायची. तिचे कायदे दोनच. पहिला, ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात त्याचा फोटो पडलाच पाहिजे. जगात कुठेही असो, ती टपालानं पाठवायची, नाहीतर दोन वर्षांनी स्वतः घेऊन जायची. मुंबईतले फोटो नेऊन द्यायचं काम भीमराजचं. दुसरा कायदा असा की फोटोला हात लावायचा नाही. कापायचा नाही, उजळायचा नाही, डाग पुसायचा नाही, जसं होतं तसंच द्यायचं. या कायद्यापायी ती मोठमोठ्या संपादकांशी भांडलेली बाई. तिची तीन पुस्तकं आमच्या कपाटात आहेत. तिन्हींत पहिल्याच पानावर छापलंय: सर्व प्रिंट मुलुंडच्या भीमराजचे, ज्याचा हात खोटं बोलत नाही. रश्मीनं त्याचं मराठी करून सांगितलं तेव्हा भीमराज दोन दिवस तरंगत होता. मी म्हटलंसुद्धा, "अहो, खाली या, दळण आणायचंय."

आता खरी गोष्ट. पुस्तकासाठीचे प्रिंट त्यानं तिच्या नजरेखाली काढले, ते अगदी सोन्यासारखे खरे. पण लोकांच्या घरी द्यायचे प्रिंट ती गेल्यावर निघायचे. आणि माझा नवरा मुळात टचिंगवाला. घाटकोपरला एका उस्तादाकडे सात वर्षं हेच शिकला. तीन केसांचा ब्रश, शाई आणि थुंकी, एवढ्यावर म्हाताऱ्याला जवान करायचा.

सुरुवात झाली काशीरामपासून. काशीराम मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या कारखान्यात लागलेला. गिझेलानं त्याला भट्टीसमोर टिपलं होतं, घामानं थबथबलेला, छातीवर बनियनला वीतभर भोक. काय फोटो होता! जर्मनीत तो मुखपृष्ठावर आला. भीमराजनं त्याला प्रिंट नेऊन दिला, तर तो तिसऱ्या दिवशी फोटो पेपरात गुंडाळून परत घेऊन आला. "ह्यो फाटको बनियन मी भिंतीर लावतलंय? पावणे काय म्हणतले?"

भीमराज रात्रभर तळमळला. मग ब्रश काढला. काशीरामला पांढरा शुभ्र सदरा चढवला, कॉलरसकट, आणि वर एक बटण उघडं ठेवलं, कारण भट्टीसमोर गरम होतं ना. काशीरामनं फोटो बघितला आणि याच्या पाया पडायला वाकला. तिथून सुरू झालं. वर्सोव्याच्या कुंदा कोळणीनं सरळ दम दिला, "गल्यान सोना नाय न् मी कोलीण कशी? असा फोटो मना नको." तिच्या गळ्यात भीमराजनं तीन पदरी सोनं घातलं. कुणाचं लुगडं शिवलं, कुणाच्या मागची गळकी भिंत रंगवली, कुणाचा पडलेला दात बसवला. एका घरात तर पंखा नव्हता, यानं पंखा लावून दिला.

मी हे बघत होते, आणि बोलतही होते. "अहो, ती बाई इतका विश्वास टाकते, आणि तुम्ही तिच्या मागे हे उद्योग करता?" तर म्हणायचा, "शकु, आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो कसा आहे? सुटाबुटात आहे ना? गरिबाचा फोटो बाहेरच्याला फाटकाच आवडतो. घरच्याला नाही आवडत." मला ते पटायचं, हीच तर माझी पंचाईत. पण तिला सांगा की, असंही मी म्हणायची. ते मात्र त्याला सदतीस वर्षांत जमलं नाही.

सत्याऐंशी घरं. सत्याऐंशी फोटो, मागे गिझेलाचा शिक्का आणि पुढे भीमराजची कारागिरी. आणि आता ते सगळे एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये तिच्यासमोर लागणार होते!

"तिनं एक शब्द न बोलता बॅग उचलली आणि गेली तर?" भीमराज दिवसातून दहादा विचारायचा. भांडली तर चालेल, शिव्या दिल्या तरी चालतील, पण ती न बोलता गेली तर आपण उरलो काय, असं म्हणायचा. सहासष्ट वर्षांचा माणूस, शाळेत दप्तर विसरलेल्या मुलासारखं तोंड करून बसायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्यानं एक युक्ती काढली. रश्मीला म्हणाला, "लोकांना कळव, जुने फोटो आणायची गरज नाही. खराब होतील." रश्मीनं व्हॉट्सअॅपचा ग्रुप केला होता, त्यावर तिनं बापडीनं तसं टाकलं. तर ग्रुप पेटलाच! काशीरामचा नातू म्हणाला, आजोबा फोटोला नवीन काच बसवतायत. वर्सोव्याहून कुंदाची सून म्हणाली, आम्ही टेम्पो केलाय, चौदा जण येतोय. कुणी फ्रेमला झिरमिळ्या लावल्या, कुणी नवीन साड्या घेतल्या. माणसांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, तुमच्या भिंतीवरचं आम्हाला बघायचंय. ते कसले थांबतात! भीमराजनं मोबाइल उशीखाली दडवला.

गिझेला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. विमानतळावरून थेट आमच्या घरी, आणि दारातच, "शकु, भाकरी आहे?" मी रडले आणि भाकरीही केली. डोळ्यांच्या मधोमध तिला आता धूसर दिसतं, कडेकडेनं बरं दिसतं, म्हणून मान तिरकी करून बघते. गळ्यात दोरीला मोठं भिंग. भीमराजनं ते भिंग बघितलं आणि पाणी प्यायला आत गेला. पाच दिवस दोघांनी मिळून हॉल लावला. ती हुकूम सोडायची, हा शिडीवर चढायचा. प्रत्येक मोठ्या फोटोच्या उजव्या अंगाला तिनं खडूनं एक चौकोन आखला, घरच्या फोटोसाठी. सत्याऐंशी रिकामे चौकोन. रोज संध्याकाळी भीमराज म्हणायचा, उद्या सांगतो. पाच उद्या गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाला लोक यायला लागले. देवा! काय ती गर्दी, काय तो गोंगाट! टेम्पोतून वर्सोवा उतरलं, रिक्षांतून घाटकोपर उतरलं. प्रत्येकाच्या छातीशी एक फ्रेम. एकमेकांना ओळखत नसलेली माणसं पाच मिनिटांत एकमेकांचे फोटो बघत होती. "हा मी! सत्तावीस वर्षांचा!" म्हणून काशीराम ओरडला आणि हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मी विहाराच्या दाराशी सरबत वाटत होते, थोडी आनंदात आणि थोडी भीतीत. एकेक चौकोन भरायला लागला.

गिझेला काशीरामच्या फोटोपाशी गेली. भिंग डोळ्याला लावलं. आधी मोठा फोटो, मग छोटा, मग परत मोठा. "हा फोटो दुसरा आहे," ती हसत म्हणाली. "भीमराज, याला दुसरा फोटो का दिला?" ती कुंदाच्या फोटोपाशी गेली, मग त्याच्या पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. सहाव्या फोटोशी तिनं भिंग सोडलं. ते तिच्या छातीवर आपटलं, ते मला दारातून दिसलं. ती काही न बोलता बाहेर आली आणि विहाराच्या पायरीवर बसली.

भीमराज तिच्यामागून आला आणि दोन पायऱ्या खाली उभा राहिला. मी सरबताचा ग्लास घेऊन मधेच अडकले. न पुढे जाता येईना, न मागे.

"किती?" तिनं विचारलं.

"सगळे, मॅडम."

"सदतीस वर्षं?"

"हो."

मग तिनं जे सांगितलं ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं, आमच्या पाटावर बसून जग सांगणाऱ्या बाईनं ते कधी उच्चारलं नव्हतं. हाम्बुर्गच्या त्या स्टुडिओत पंधराव्या वर्षी तिला जे काम मिळालं ते टचिंगचंच होतं. लोक लढाईत मेलेल्या बापाचे, भावाचे फोटो घेऊन यायचे, गणवेशातले. घरात लावायचे होते, पण टोपीवरची आणि छातीवरची नाझींची चिन्हं आता नको होती. गिझेला पात्यानं ती खरवडायची. वर्षभर तिनं तेच केलं. शेवटी तिच्या आईनं तिच्या बापाचा फोटो आणून दिला. तोही तिनं खरवडला. "सगळ्या गावात सगळ्यांचे बाप साधे झाले," ती म्हणाली. "कुणी काही केलंच नव्हतं. आणि खरवडणाऱ्याचं नाव कुठेच नाही. म्हणून मी निघाले. म्हणून मी हात लावत नाही."

भीमराज खाली बसला, सरळ फरशीवर. "मॅडम, मी कुणाचं पाप नाही पुसलं," तो म्हणाला. "मी फक्त भोकं बुजवली. लोकांनी मागितलं, मी दिलं. पण तुम्हाला सांगितलं नाही, ही चूक माझी. घाबरलो. तुम्ही जाल म्हणून घाबरलो."

गिझेलानं मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, उठली आता, गेली. उठली खरी, पण पिशवीतून काळ्या शाईची पेन काढली आणि त्याच्या हातात कोंबली. आवाज चढला तिचा, हॉलमध्ये जाईल इतका. "मागे माझा शिक्का आहे. तुझं नाव कुठे आहे? तू केलंस ना? मग सही कर! प्रत्येक माणसाला सांग, मी काय केलं, आणि सही कर. नाव न लावता कुणी हात लावायचा नाही. समजलं?"

समजलं म्हणजे काय, माझा नवरा उड्या मारतच उठला असता गुडघे चांगले असते तर! ती भांडत होती! म्हणजे जात नव्हती.

मग सुरू झाला तो सोहळा. भीमराज एकेकाच्या फ्रेमपुढे उभा राहून कबुली द्यायला लागला. "काशीरामभाऊ, तुमचा हा सदरा माझा." काशीराम म्हणाला, "माका म्हायत नाय काय? मीच सांगितलंलंय!" कुंदा तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सोना तूच घातलास, तूच सही कर." पंख्यावाल्या घरच्या माणसानं सांगितलं की फोटोतला पंखा बघून बायकोनं भुणभुण लावली आणि शेवटी तस्साच पंखा घ्यावा लागला. हॉल हसत होता, भीमराज घाम पुसत सह्या करत होता, आणि गिझेला त्याच्यामागून भिंग घेऊन तपासत होती, काय काय केलंय ते. एका ठिकाणी तिनं खडूस चेहऱ्यानं म्हटलं, "हा दात वाकडा बसवलास." म्हणजे बघा!

बाराच्या सुमाराला दहिसरहून जयंती आली. चव्वेचाळीसची असेल. शाळेच्या बसवर ताई म्हणून काम करते, घरचे मूळचे पार रत्नागिरीकडचे. फ्रेम तिनं टॉवेलात गुंडाळून आणली होती, वर चंदनाचा हार. तिला बघताच भीमराजचा चेहरा उतरला. एवढे फोटो झाले, कुठे उतरला नव्हता. त्यानं माझ्या दंडाला धरलं. "शकु, हे कुणी मागितलं नव्हतं," तो पुटपुटला. "हे मी माझ्या मनानं केलंय."

जयंती तिच्या आईच्या मोठ्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. तिची आई सुंदराबाई, नदीकाठी धुण्याचा पिळा हातात धरून. तोंड भरून हसतेय, इतकी हसतेय की डोळे गच्च मिटलेत, गाल वर गेलेत, सगळं अंग हसतंय. जयंती एकदम ओरडली, "अगं बाई! आई अश्शी हसायची! डोळे मिटून! मी विसरलेच होते गं हे!"

"मला हसत होती," गिझेला म्हणाली. "मी चिखलात पडले. पडल्या पडल्या फोटो काढला."

जयंती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग तिनं टॉवेल सोडला. आतल्या फोटोत तीच सुंदराबाई, तोच पिळा, तेच हसू, पण थोडं कमी झालेलं. डोळे उघडे, सरळ समोर बघणारे. जयंती या फोटोकडून त्या फोटोकडे बघत राहिली. तिला कळेना.

भीमराजनं सांगितलं. ब्याण्णव साली तो फोटो द्यायला दहिसरच्या चाळीत गेला, तर सुंदराबाईला जाऊन पंधरा दिवस झाले होते, कावीळ. दारात अकरा वर्षांची जयंती. मिटल्या डोळ्यांचा फोटो तिच्या हातात कसा द्यायचा? तो आल्या पावली परत फिरला. आठ दिवस बसून त्यानं डोळे उघडले आणि मग नेऊन दिला. "पोरी, मला वाटलं, आई बघतेय असं तुला वाटावं," तो म्हणाला. "पण तुझ्या आईचं हसू मी घालवलं. डोळे उघडायला गाल खाली घ्यावे लागले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माफ कर."

जयंतीनं फ्रेमवरून हात फिरवला. "मी रोज बोलते हिच्याशी," ती हळू म्हणाली. "तेहेतीस वर्षं. नळाला पाणी आलं नाही तरी सांगते. निघताना सांगते, आल्यावर सांगते. ही बघायची माझ्याकडे." मग तिनं मान वर केली. "मग काका, हे डोळे कुणाचे?"

डोळे मनानं काढता येत नाहीत, भीमराज म्हणाला. जिवंत माणसाचे बघून काढावे लागतात. घरातल्या कुणाचे तरी बघायची रीत आहे, पण तिच्या घरात विचारणार कुणाला. "लग्न ठरवताना हिच्या घरून एक फोटो आला होता. माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचा. समोर तेच डोळे होते." आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी काय सांगू! माझा तो फोटो मला वाटलं होतं कधीच हरवला. मी रागावू की रडू ते मला कळेना. माझे डोळे, बावीस वर्षांच्या शकुचे, तेहेतीस वर्षं दहिसरला एका भिंतीवर हाराखाली, आणि मला पत्ता नाही! चांगलं खडसावणार होते मी त्याला. पण त्याचा हात इतका थरथरत होता की पेन फ्रेमवर टेकत नव्हती. तेव्हा गिझेलानं ती फ्रेम दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि भीमराजनं तिच्यावर सही केली.

जयंती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. फार जवळ. माझ्या या आता सुरकुतलेल्या, चष्म्यामागच्या डोळ्यांत ती बघत राहिली, मीही पापणी हलवली नाही. मला एकदम लाज वाटली, किती काय काय ऐकायचं राहून गेलं होतं माझं.

"काकी," ती म्हणाली, "परवा माझ्या पोरीचं लग्न ठरलं. घरी आल्या आल्या आधी तुम्हालाच सांगितलं."

मी तिचा हात धरून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"मुलगा काय करतो?" मी विचारलं.